जुईची टोपी शिवणाऱ्या वैशूला

वैशू,

पाहुणे गेले. मांडवाच्या बल्ल्या तुझ्या दादानं एकट्यानं काढल्या आणि गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवल्या. घर पुन्हा आपल्या नेहमीच्या आवाजांवर आलं आहे. त्या सगळ्या आवाजांत मी दिवसभर एकच ऐकत असते, जुईच्या पावलांचा. पावलं वाजताहेत तोवर बरं. वाजायची थांबली की हातातलं टाकून धावते. बसली असेल, मांजरीच्या मागं लागली असेल, खिडकीत उभी असेल. नाहीतर पडली असेल. तू होतीस तेव्हा शनिवार-रविवार तरी हे ऐकायला आपण दोघी असायचो. आता मी एकटी आहे आणि मला फार भीती वाटते, वैशू. हे आधीच सांगून टाकते, कारण जाताना प्रत्येक जण मला 'तू धीराची आहेस' असं म्हणून गेला आहे.

गावाला तू कोण होतीस? पुण्याला हेल्मेट आपटून बघायची नोकरी करणारी दिघोरीची पोरगी. मला तू आधी सानगडीच्या शाळेतली मैत्रीण होतीस, मग नणंद झालीस. चारचौघांत 'वहिनी' म्हणायचीस आणि दार लोटलं की 'सुरे'. आता मला 'सुरे' म्हणणारं कोणी राहिलं नाही. तुझ्या आई 'बाई' म्हणतात, तुझा दादा तर नावच घेत नाही, 'आयकून राहिली का' म्हणतो.

जुई पहिल्यांदा पडली तेव्हा तू पुण्यात होतीस. मी ओसरीवर तांदूळ निवडत होते, ती अंगणात उभी होती. अडखळली नाही, घसरली नाही. उभं केलेलं धानाचं पोतं हातातून सुटावं तशी सरळ खाली गेली. हात पुढं टेकायचीसुद्धा शुद्ध नव्हती. मी पोचेपर्यंत डोळे उघडले होते. माझ्याकडं बघून म्हणाली, "आई, मी खाली काहून हाय?" कपाळावरून रक्त येत होतं आणि तिला ते माहीतच नव्हतं.

नागपूरच्या डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. फिटचाच एक प्रकार आहे, क्षणभर अंगातला सगळा जोर जातो, माणूस कोसळतं आणि लगेच भानावर येतं. औषधं सुरू करू, कमी होईल, पूर्ण थांबेल असं आज सांगता येत नाही. आणि शेवटी म्हणाले, डोकं जपा. येताना बसमध्ये मी तेच दोन शब्द धरून बसले होते. डोकं जपा. कसं जपायचं? तुझ्या दादानं हौसेनं नवी फरशी बसवली होती, ती मी गोधड्यांनी झाकून टाकली. टेबलाच्या कोपऱ्यांना चिंध्या बांधल्या. पाटा-वरवंटा खोलीबाहेर काढला. अंगणातला प्रत्येक दगड मला तिच्या डोक्याकडं बघत असल्यासारखा वाटायचा. बाहेरच्या बायका म्हणायच्या, लेकराला इतकं बांधून ठेवू नये. त्या बोलायच्या आणि मी त्यांच्या अंगणातली पायरी किती उंच आहे ते बघत असायचे.

मग तू आलीस. येताना मुलांचं सायकलचं हेल्मेट आणलंस, गुलाबी रंगाचं. जुईला ते इतकं आवडलं की जेवतानाही काढेना. थोड्याच दिवसांत ती हापशीच्या ओट्यावर पडली. 'टक्' असा आवाज आला, मी डोळे मिटून घेतले. उघडले तर ती उठून बसली होती, डोक्याला ओरखडा नाही. मी त्या हेल्मेटला हळदकुंकू लावायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. आणि तू काय केलंस? पुढच्या वेळी आलीस, ते हातात घेतलंस आणि सरळ दादाची करवत आणून मधोमध कापायला बसलीस.

"इतलं चांगलं हेल्मेट! कापून काहून राहिली वं?" आई ओरडल्या.

"चांगलं नाही हाय थे, आई. मेलं थे."

दोन तुकडे करून तू आतला पांढरा थर दाखवलास, थर्मोकोलसारखा. एका बाजूला तो जाड होता, दुसऱ्या बाजूला चपटा होऊन पापुद्र्यासारखा झालेला. बाहेरून गुलाबी रंग तसाच चकाकत होता.

"याचं काम एकदाच होते," तू म्हणालीस. "धक्का सोताच्या अंगावर घेते आन चिरडून जाते. दुसऱ्या बारीले त्याच्यात काही उरत नाही. मोटारसायकलवाल्याले एवढं पुरते, थो का रोज पडते? आपली जुई रोज पडते."

 जुई रोज पडते, हे आपल्या घरात तोवर कोणी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. 'जरा लचकली', 'जरा चक्कर आली' असंच चालायचं. मला त्या क्षणी तुझा राग आला होता. पण त्या रात्री मी त्याआधीच्या कितीतरी रात्रींपेक्षा बरी झोपले. काहीतरी खरं बोललं गेलं होतं.

वर्षभरात तू पुण्याची नोकरी सोडलीस आणि साकोलीला शिकवायला लागलीस. कोणी विचारलं की म्हणायचीस, "पुन्यात पानी भरून भरून कटाळली मी." खरं कारण मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू खरं उत्तर दिलं असतंस, आणि ते उपकार मला पेलले नसते. एवढं मात्र मी पाहिलं की साकोलीहून पहिल्या शनिवारी आलीस तेव्हा पाठीवरच्या पिशवीत कपडे नव्हते. करड्या, काळ्या फोमच्या चादरी होत्या गुंडाळलेल्या.

त्या दुपारी खाटेवर बसून तू मला शिकवलंस. एक करडा तुकडा हातात दिलास. "अंगठ्यानं दाब. हळू." अंगठा लोण्यात जावा तसा आत गेला. काढल्यावर खड्डा सावकाश भरून आला. "आता त्याच जागी बुक्की मार." मारली, तर हाताला ठणका लागला.

"हे कसं?"

"याच्या आत लंब्या लंब्या साखळ्या असतात, सुरे. शेवया कश्या गुतलेल्या असतात ताटात, तश्या. हळू दाबलं त एकमेकीले वाट देतात. झटका बसला त वाट द्याले टाइमच नाही भेटत. अडकतात, घासतात, आन त्या घासन्यात झटक्याचा जोर जिरते."

"जिरते म्हणजे जाते कुठं?"

"ऊब होते त्याची."

हे मला इतकं आवडलं, वैशू. लेकरू दगडावर आपटतं आणि त्या आपटण्याची ऊब होते. त्यानंतर ती पडली की मी तिला उचलायचे आणि तिला कळू न देता टोपीला हात लावून बघायचे, गरम झाली का. कधीच लागली नाही. तुला सांगितलं तर तू हसून हसून लोळलीस, म्हणालीस, हाताला कळण्याइतकी नसते ती. तरी मी हात लावायचे. अजून लावते.

टोपी आपण दोघींनी मिळून केली. बाहेर पातळ कडक पत्रा प्लास्टिकचा, मधे घट्ट काळा फोम, आत डोक्याला लागून हा करडा, हळू भरून येणारा. तू कापायचीस, मी मशीनवर सुती कापडाचं अस्तर शिवायचे. वारा जायला भोकं कुठं ठेवायची, हनुवटीखालचा पट्टा कसा घ्यायचा की गळ्याला काचणार नाही, यावर आपण किती भांडलो. मी म्हणायचे आणखी दोन थर टाक. तू म्हणायचीस, "डोस्कं वाचवाच्या नादात मान मोडशीन तिची. आन इतलं जड असन त ती घालनच नाही. न घातलेली टोपी कोनाले वाचवते?" मला पटायचं. तरी वाटायचं, आणखी एक थर, एकच.

ते टरबूज मात्र मी विसरू शकत नाही. आईंना टोपीवर विश्वास नव्हता, म्हणून तू पवनीच्या बाजारातून दोन टरबुजं आणलीस. गच्चीवर चढलीस. खाली दादा, आई, शेजारच्या बाया, पोरं. पहिलं टरबूज नुसतं सोडलंस. सिमेंटवर पडून त्याच्या चिंधड्या झाल्या, लाल गर पार तुळशीपर्यंत उडाला. सगळे 'अवो बाप्पा' म्हणून हसायला लागले. दुसरं टोपीत बांधून सोडलंस, ते आपटलं, लोळलं आणि अख्खं राहिलं. दादा ओरडला, "फोड आता थे, खाऊन घेऊ!" टाळ्या पडल्या. आईंनी त्या दिवसापासून स्वतःच्या हातानं जुईचा पट्टा बांधायला सुरुवात केली.

मी टाळ्यांच्या वेळी तिथं नव्हते. पहिलं टरबूज फुटलं तेव्हाच आत गेले होते. सिमेंटवरचा तो लाल रंग माझ्यानं बघवला नाही. तू मागून स्वयंपाकघरात आलीस. मी चुलीकडं तोंड करून उभी होते. तू काही समजावलं नाहीस, काही विज्ञान सांगितलं नाहीस. बादली घेतलीस, बाहेर गेलीस आणि सगळ्यांना बाजूला करून ते अंगण तूच धुतलंस.

तुझ्या त्या टोपीनं किती धक्के खाल्ले त्याला हिशेब नाही. उन्हाळ्यात फोम मऊ पडायचा, तू आतला थर बदलायचीस. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मी सवयीनं अंगठा दाबला तर आत जाईना, लाकडासारखा लागला.  तुला फोन केला तर तू म्हणालीस, थंडीत साखळ्या आखडतात, घाबरू नको, घालायच्या आधी ऊब दे. तेव्हापासून पहाटे उठले की टोपी माझ्या पांघरुणात. जुई उठेपर्यंत मी ती पोटाशी धरून बसते. तुझा दादा म्हणायचा, कोंबडी बसली अंड्यावर.

आणि आपलं शेवटचं भांडण. ते तसंच अर्धवट राहिलं आहे.

दिवाळीच्या आधी जुई शाळेत पडली. डोक्याला काही झालं नाही, पण ओठ फाटला, टाके पडले. टोपी डोक्यासाठी आहे, तोंड उघडंच असतं, हे तू पहिल्यापासून सांगत आली होतीस. पण मला ते रक्त दिसलं आणि मी तिला घरी ठेवून घेतलं. दिवाळी झाली, शाळा उघडली, मी पाठवली नाही. तुझ्या शेवटच्या रविवारी तू भाजी चिरता चिरता विषय काढलास.

"कधी पाठवतेस तिले?"

"पाहू."

"पाहू म्हनजे कधी?"

"टाके सुकू दे."

"टाके कधीचे सुकले, सुरे. मी टोपी कायले बनवली? घरात गोधडीवर बसवून ठेवाचं असन त टोपीचं काय काम?"

"तुले काय जाते बोलाले? शाळेतून फोन येते त मले येते. मोबाइल वाजला की माझ्या पोटात गोळा येते, तुले माहीत हाय का?"

"मले बी येते गोळा."

"तुले? तू त कशालेच भेत नाहीस."

तू विळीवरून मान वर केलीस. काहीतरी बोलणार होतीस. तेवढ्यात आई आल्या आणि तू म्हणालीस, "पुढच्या रविवारी बोलू, वहिनी." 'वहिनी' म्हणालीस म्हणजे विषय बंद नव्हता, फक्त बाजूला ठेवला होता.

पुढचा रविवार आलाच नाही.

त्या शुक्रवारी तू साकोलीहून लवकर निघालीस. धान कापणी सुरू होती, दिवस मावळायच्या सुमाराला सानगडीच्या पुढं रानडुकरांचा कळप धानाच्या बांधीतून निघून रस्त्यावर आला. तुझी गाडी एका डुकरावर गेली आणि तू हँडलवरून उडून पलीकडच्या पुलाच्या कठड्यावर आपटलीस. सानगडीच्याच एका ट्रॅक्टरवाल्यानं तुझ्या मोबाइलवरून दादाला फोन केला. मी शेजारी उभी होते. दादाचा चेहरा बघितला आणि मी पहिल्यांदा मागं वळून जुई कुठं आहे ते पाहिलं. इतकी वर्षं सगळी भीती एकाच जागेवर राखून ठेवली होती ना. तुझ्यासाठी माझ्याकडं भीती शिल्लकच नव्हती. तुला काही होऊ शकतं हे मला सुचलंच नव्हतं.

भंडाऱ्याहून नागपूरला नेलं. सकाळी मला आत सोडलं. तुझ्या डोक्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. केस विस्कटलेले, कपाळ स्वच्छ, बोलणं स्पष्ट. मला वाटलं, झालं, वाचली. डॉक्टर दाराशी दादाला सांगत होते की मार छातीला आणि पोटात आहे, आतून रक्त जातं आहे, प्रयत्न चालू आहेत. मला ते ऐकू येत होतं आणि तुझा चेहरा बघून खरं वाटत नव्हतं.

तू माझा हात धरलास. "सुरे, मले भेव लागून राहिलं."

शाळेत पाटाच्या पाण्यातला साप काठीनं उचलून बाजूला टाकणारी तू. पुण्याला एकटी गेलेली तू. तुझ्या तोंडून हे मी कधी ऐकलं नव्हतं. आजूबाजूचे तुला 'काही नाही होत, घाबरू नको' म्हणत होते. मी नाही म्हटलं. मला ते वाक्य लोकांनी इतक्यांदा ऐकवलं आहे की ते ऐकून माणूस किती एकटं पडतं ते मला माहीत आहे. मी तुझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हटलं, "लागू दे भेव. मी हाय इथं. मले भेवाची सवय हाय."

तू जरा हसलीस. मग म्हणालीस, "जुई?"

"घरी. आईपाशी."

"पडली?"

"एक बार. सकाळी."

"टोपी?"

"होती."

"मंग ठीक."

दुपारी तू गेलीस.

त्यानंतर कितीतरी दिवस मी तुझ्या त्या कामावर चिडलेली होते, वैशू. दादानं पोलिसांकडून तुझं हेल्मेट आणलं. आईंनी ते फोटोजवळ ठेवायला सांगितलं. सगळे झोपाळल्यासारखे बसलेले असताना मी ते उचललं आणि आत बोट घालून बघितलं. डाव्या बाजूला आतला पांढरा थर चिरडून पार पापुद्रा झाला होता. त्यानं त्याचं काम केलं होतं, सगळा धक्का घेतला होता. आणि तरी तू नव्हतीस. मग कशाला हवं ते सगळं, असं मला झालं. माणसाला छाती आहे, पोट आहे, मान आहे. कुठं कुठं फोम लावायचा? जुईकडं बघितलं की तिच्या टोपीखालची सगळी जुई मला उघडी दिसायला लागली.

राग ओसरला तो एका विचारानं. ते हेल्मेट नसतं तर ती सकाळ मला मिळाली नसती. तू मला ओळखलं नसतंस. 'मंग ठीक' असं तू म्हणाली नसतीस. एवढंच त्यानं वाचवलं, पण तेवढं वाचवलं.

तेरवीला घर माणसांनी भरलं होतं. मागच्या अंगणात चुलाण पेटलेलं, वरणाचं गंज वर रटरटत होतं. मी पत्रावळी मोजत होते आणि पावलांचा आवाज गर्दीत हरवला होता. एकदम कोणीतरी किंचाळलं. जुई चुलाणापासून हातभर अंतरावर सिमेंटवर पडली होती. मी माणसं ढकलत गेले. ती उठून बसली, इकडंतिकडं बघितलं, इतकी माणसं बघून लाजली. तुझ्या चुलतकाकू म्हणाल्या, "अस्या पोरीले आतमंदी ठेवाले पायजे. काही झालं असतं म्हनजे?"

मी तिला उचलून खोलीत नेलं, पट्टा सोडला. कानाच्या वर टेंगूळ आलं होतं. लहानसं. पण इतक्या वर्षांत टोपीखाली कधीच आलं नव्हतं.

मी टोपी उलटी केली आणि अंगठा दाबला, त्या सगळ्या दिवसांत ते माझंही राहून गेलं होतं. अंगठा गेला आणि खड्डा राहिला. बराच वेळ बघत बसले. भरलाच नाही. सगळीकडं दाबून बघितलं, सगळीकडं तेच. घाम, तेल, उन्हाळा, आणि ते सगळे धक्के. तू दर काही महिन्यांनी न बोलता आतला थर बदलून टाकायचीस. या वेळी ते तुझं राहून गेलं होतं. मला कोणी खोल पाण्यात उभं करून पायाखालची वाळू काढून घेतल्यासारखं झालं. बाहेर लोक तुझ्या नावानं जेवत होते आणि मी तुझ्यावर ओरडत होते, मनातल्या मनात, की असं अर्धं शिकवून कोणी जातं का.

जुईला डॉक्टरांना दाखवून आणलं, टेंगूळ साधंच निघालं. औषधाचं प्रमाण त्यांनी थोडं बदललं. घरी येऊन मी तुझी खोली उघडली. फोमच्या चादरी भिंतीला उभ्या होत्या. दोन करड्या. दिसायला अगदी सारख्या. एक आपल्या टोपीची, दुसरी कशाची कोण जाणे. अंगठा दाबला, दोन्ही मऊ. बुक्की मारली, दोन्ही लागल्या. एक जरा जास्त, पण माझ्या हातावर मी माझ्या लेकीचं डोकं कसं सोपवू? तिथं खाली बसले आणि पोटभर रडले. तू गेल्यापासून पहिल्यांदा.

मग तुझ्या पुण्याच्या मैत्रिणीला फोन केला, जिच्याबरोबर तू हेल्मेट आपटायचीस. तिनं व्हिडिओवर दोन्ही चादरी बघितल्या, तुकडे कापून पिळायला लावले, किती वेळात परत येतात ते बघायला लावलं. म्हणाली, "उजवीकडची घ्या. डावी पॅकिंगची आहे." मग म्हणाली, "वहिनी, ती नेहमी म्हणायची, माझ्यापेक्षा टोपी सुरेखा चांगली बघते. मी फक्त कापते." तू हे मला कधी सांगितलं नाहीस, वैशू. मला सांगायला काय झालं होतं?

जुनी टोपी उसवून तिचे तुकडे नव्या चादरीवर ठेवून कापले. एक तुकडा वाया गेला. अस्तर शिवलं. आणखी एक थर टाकावा असं फार वाटलं. चादर हातात घेतलीसुद्धा. मग तुझा आवाज आला आणि ठेवून दिली. शेवटी मी ती स्वतःच्या डोक्यावर ठेवली आणि दाराच्या चौकटीवर डोकं आपटलं. जोरात. आई धावत आल्या. "वेडी झाली का वं?" म्हणाल्या. मग त्यांना कळलं आणि त्यांनी माझ्या डोक्यावरून टोपी काढून हातात घेतली, उलटसुलट केली, पदरानं पुसली.

जुईनं ती घातली, आरशात बघितली आणि म्हणाली, "आता मी शाळेत जाऊ का? आत्या म्हने का दिवाळीनंतर जाशीन."

दादा म्हणाला, "पुढच्या वर्षी पाहू, बेटा." तो माझ्याकडं बघत होता, मी हो म्हणीन म्हणून. माझ्या मनातही हो-च होतं. माझ्याशी भांडायला तू असतीस तर मी 'पाठवणार नाही'वर अडून बसले असते, मला माहीत आहे. पण तू नव्हतीस, आणि दोन्ही बाजूंनी मलाच बोलायचं होतं. तुझ्या बाजूनं बोलायला लागले तर ती बाजू खोटी वाटेना.

सोमवारी मी तिला घेऊन गेले. नव्या मॅडमना सगळं समजावलं, पडली तर काय करायचं, काय करायचं नाही, कधी दवाखान्यात न्यायचं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. पहिल्या बाकावर बसवू म्हणाल्या, मी म्हटलं भिंतीपासून लांब. फाटकाशी जुईनं माझा हात सोडवून घेतला. ती आत गेली, मैदान ओलांडेपर्यंत मी तिची पावलं बघत राहिले, ऐकू येत नव्हती म्हणून. मग घरी आले. कामाला हात लावला, पण काय करत होते ते सांगता येणार नाही.

जेवणाच्या सुट्टीच्या सुमाराला मोबाइल वाजला. शाळेचा नंबर.

मी तो उचलला नाही, वैशू. वाजू दिला. ओट्याला धरून उभी राहिले. तुझ्या अपघाताचा तो फोन, दादाचा चेहरा, सिमेंटवरचं ते टरबूज, सगळं एकाच वेळी डोळ्यांपुढं आलं.  वाजून बंद झाला. परत वाजला. मग उचलला.

"आई," जुईच बोलत होती, "मॅडमनं सांगतलं का तूच सांग म्हनून. मी पडली होती."

"कुठं लागलं? डोस्कं? तोंड?"

"कुठंच नाही. हात खरचटला इतलाच." मग घाईघाईनं, "आई, ठेवू का? आमचा खो-खो चालू हाय. मी फक्त मोजून राहिली, खेळत नाही. ठेवू?"

मला खूप काही विचारायचं होतं. घरी येतेस का, असं विचारायचं होतं.

"ठेव," मी म्हटलं.

फोन बंद झाला. तो ओट्यावर ठेवताना दोनदा निसटला. ओसरीवरून आईंनी विचारलं, "काय झालं वं? कोनाचा होता?"

मी पाणी प्यायले. पदरानं तोंड पुसलं. बाहेर गेले आणि त्यांना सांगितलं,

"काही नाही. जुई पडली होती."